दुखण्याचा ताळा

जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत याचा दाखला द्यावा लागतो, ही गोष्ट आता कुणाला नवी राहिलेली नाही. निराधाराचा पगार घेणाऱ्या म्हाताऱ्या, पेन्शनवाले मास्तर, सगळे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला जातात. माणूस समोर उभा असतो, खोकत असतो, काठी टेकत असतो, पण कागद नसला तर तो हयात नाही. आपण हसतो आणि रांगेत उभे राहतो. कारकुनाचंही त्यात फार चुकत नाही. त्याला माणसाचं खातं चालवायचं असतं आणि खात्याला कागदच लागतो.

शेताचंही तेच. शेतकऱ्याला दोन जमिनी असतात, एक पायाखालची आणि एक सातबाऱ्यावरची. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, तरी इतर हक्काच्या रकान्यात बोजा तसाच बसलेला असतो. जमिनीवर काही नाही, पण कागदावर आहे. उलटही असतं. आज्याने बांधावर लावलेला आंबा दरसाल पाडाला येतो, त्याची सावली दोन पिढ्यांनी घेतली, पण पाणीपत्रकात त्याचं नाव नाही. जमिनीवर आहे, कागदावर नाही. या दोन जमिनींचा मेळ घालता घालता आमचं आयुष्य गेलं.

या सगळ्याची सवय झाली होती. पण माणसाच्या दुखण्याला दाखला लागतो का, हा प्रश्न माझ्यासमोर फार उशिरा, साठी उलटल्यावर आला. एखादं माणूस म्हणतं, मला दुखतंय. हे म्हणणं पुरेसं आहे की नाही? आणि कागद आला, पण त्यातलं एक अक्षर कळत नसलं, तर तो कागद कुणी वाचायचा, कुणाला सांगायचा आणि किती सांगायचा? हे प्रश्न दिसतात साधे. पण एका घरात, एका बाईच्या जबड्याभोवती ते उभे राहिले म्हणजे काय होतं, ते मी जवळून बघितलं.

आमच्या कारभारणीचा डावा जबडा दुखत होता. कानाच्या पुढं, जिथं बोट ठेवलं की घास चावताना हाड हलतं, तिथं. तोंड उघडलं की ‘कट’ असा आवाज व्हायचा. शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. सकाळी उठल्यावर तोंड नीट उघडायचं नाही. आमच्याकडं शाळूची भाकरी. ती भाकरी ही बाई आमटीत कुस्करून, पार लगदा करून खायला लागली. पुढं पुढं सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीच जेवायची. आवाज होतो म्हणून लाजायची.

तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पुऱ्या तोंडाचा फोटो काढला. त्याला ओपीजी म्हणतात. माणसाला उभं करतात, हनुवटी टेकवतात आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. वरचे खालचे सगळे दात आणि दोन्ही जबडे एका लांबट फोटोत येतात. डॉक्टर म्हणाले, दात चांगले आहेत, हाडात काही नाही. फोटो नॉर्मल.

घरात आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. पण त्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तोवर तिचं दुखणं हे दुखणं होतं. फोटो आल्यावर ते ‘म्हणणं’ झालं. पाहुणे यायचे, विचारायचे, आणि घरातलं कुणीतरी म्हणायचं, ‘‘फोटो काढला की, काहीच न्हाई निघालं.’’ मग सगळे तिच्याकडं बघायचे. एक लांबची जाऊ तर तोंडावर म्हणाली, ‘‘मनाचं असतंय बाई असलं. कामात ऱ्हायचं.’’ ही बाई पहाटे पाचला उठते आणि रात्री दहाला पाठ टेकते. आता आणखी किती कामात राहायचं?

मराठीत एक म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मार बसतो तो बसतोच, वर ओरडायचीही सोय नाही. नॉर्मल रिपोर्टचं बऱ्याच वेळा असंच होतं. दुखणं तसंच राहतं, पण दुखतंय म्हणायचा हक्क जातो.

आता फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे जरा समजून घेतलं पाहिजे. 1895 साली जर्मनीत रोंटगेन नावाच्या शास्त्रज्ञाने एक्स-रे शोधला. त्याने आपल्या बायकोच्या हाताचा फोटो घेतला. त्या फोटोत बोटांची हाडं आली आणि बोटातली अंगठी आली. मांस नुसतं सावलीसारखं आलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा फोटो हाडाचा आणि धातूचा आहे. जबड्याच्या सांध्यात, वरच्या आणि खालच्या हाडाच्या मधे, एक छोटी चिवट गादी असते. बैलगाडीच्या जुवाखाली चिंध्यांची गादी बांधतात, मानेला घासू नये म्हणून, तशी. ती गादी साध्या फोटोत दिसत नाही. जबडा ओढणारे स्नायू दिसत नाहीत. नसा दिसत नाहीत. मग ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ एवढाच, की जे या फोटोत दिसू शकतं त्यात काही नाही. वीस हातांचा दोर विहिरीत सोडला आणि बादली कोरडी आली, तर आपण काय म्हणतो? वीस हातांवर पाणी नाही म्हणतो. विहिरीत पाणी नाही, असं शहाणा माणूस म्हणत नाही.

थोरला मुलगा पुण्याला असतो. त्याने आईला तिकडं नेलं आणि तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून जबड्याच्या सांध्याचा एमआरआय काढला. मी बरोबर होतो. या यंत्रात एक्स-रे नसतो, मोठं लोहचुंबक असतं. अंगातल्या पाण्याचा, चरबीचा जो भाग असतो त्याच्याकडून हे यंत्र खुणा घेतं आणि त्यावरून चित्र तयार करतं. मला आपला पाणाड्या आठवला. फरक एवढाच, की पाणाड्याचं खरं निघेल का खोटं ते खणल्याशिवाय कळत नाही.

आत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगतात. जोडवी काढली, कानातलं काढलं. मंगळसूत्रापाशी ती थांबली. तिथल्या मुलीने समजावलं, पण हिचा हात काही पुढं होईना. मग सुनेने पिशवीतून हळदीत भिजवलेला दोरा आणि हळकुंड काढलं. तिनं ते आधीच आणलं होतं. हळकुंड गळ्यात बांधून बाई आत गेली. आत तोंड मिटून चित्रं घेतात आणि मग तोंडात एक ठोकळा देऊन, तोंड उघडं ठेवूनही घेतात. जिला तोंड उघडायचंच दुखणं, तिला तोंड वासून, न हलता पडून राहायचं होतं. ती राहिली.

दोन दिवसांनी रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला आणि तिथून आमच्या. दोन पानं, सगळं इंग्रजी. आम्ही तोवर गावी परतलो होतो आणि डॉक्टरांची पुढची तारीख आठवड्यानंतरची होती. तो आठवडा मला विसरता येत नाही.

पहिला वाचक माझा पुतण्या. बारावी सायन्सला आहे, हुशार आहे. त्याला एक ओळ सापडली, ‘अँटिरियर डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन.’ तो म्हणाला, ‘‘तात्या, डिस्क म्हणजे गादी. डिस्प्लेसमेंट म्हणजे सरकली. रिडक्शन म्हणजे घट. गादी सरकली आणि कमी होत चाललीय.’’ दुसरा वाचक औषधाच्या दुकानातला. त्याला ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ दिसलं. तो म्हणाला, झीज. झीज भरून येत नसती. तिसरे आमचे एक पाहुणे. त्यांना ‘लिजन’ हा शब्द ओळखीचा वाटला, कारण त्यांच्या भावाच्या रिपोर्टात तो होता आणि त्यांचा भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘‘टाटाला न्या. आन् वहिनीला काय बोलू नका.’’

आमच्या भागात बायका मिश्री लावतात. भाजलेली तंबाखू हिरड्यांना घासतात. त्यामुळं तोंडाच्या दुखण्याचं नाव निघालं की मनात पहिलं तेच येतं, आणि ते उगाच येतं असंही नाही. तंबाखूने किती घरं रिकामी केली ते आम्ही बघितलंय. त्या पाहुण्यांची भीती खोटी नव्हती. पण कागदावर नुसतं ‘लिजन’ लिहिलेलं नव्हतं. ‘नो फोकल बोनी लिजन’ असं लिहिलं होतं. म्हणजे हाडात गाठ, डाग असलं काही नाही. माझं इंग्रजी दहावीपुरतं, पण ‘नो’ मला कळतो. मी तो शब्द बोटाने त्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘न्हाई तर मग लिवलंच कशाला?’’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. गावात आपण आहे तेच लिहितो. वाटणीपत्रात कुणाला काय मिळालं ते असतं, काय मिळालं नाही त्याची यादी नसते. रिपोर्टात मात्र जे जे शोधलं आणि सापडलं नाही, ते सगळं लिहायची रीत आहे. रात्री राखण करणारा सकाळी येऊन सांगतो ना, चोर आले नाहीत, डुकरं आली नाहीत, मोटर चालू होती, तसं. भ्यालेल्या माणसाच्या कानात मात्र ‘चोर’ आणि ‘डुकरं’ एवढंच शिरतं.

तेव्हा पहिला धडा असा, की कागद खोटं बोलत नाही, पण अर्धवट वाचणारा त्याच्याकडून खोटं वदवतो. आणि भीतीएवढा अर्धवट वाचणारा दुसरा कुणी नाही.

आता खरा नैतिक प्रश्न. तिला काय सांगायचं? ती विचारत होती, ‘‘आवं, त्यात लिवलंय तरी काय?’’ घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष पाहुण्यांचा. काही सांगू नका, बाईमाणूस आहे, हाय खाईल. आपल्याकडं ही जुनी चाल आहे. आजार ज्याचा, त्याला सोडून सगळ्या भावकीला तो माहीत असतो. यामागं माया असते, नाही असं नाही. पण त्या मायेत एक अधिकारही लपलेला असतो. तुझ्या जिवाचं काय करायचं ते आम्ही ठरवू, हा तो अधिकार. शेत विकताना सही लागते म्हणून बाईला कचेरीत नेतात आणि कागदावर काय आहे ते सांगत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. जबडा तिचा, तोंड वासून पडली ती, हळकुंड बांधून आत गेली ती. मग कागद आमचा कसा?

दुसरा पक्ष शिकलेल्यांचा. सगळं सांगा, शब्द न् शब्द सांगा, लपवणं पाप. हे ऐकायला बरं वाटतं. पण मला कळलेलं नसताना मी तिला नुसते शब्द सांगितले, तर ते सांगणं होतं का? ‘तुझी गादी सरकलीय, झिजलीय, घटत चाललीय’ एवढं बोललं म्हणजे सत्य सांगितलं का? हे म्हणजे गोणी न उघडता, न पाखडता, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची आणि म्हणायचं, माल दिला. सांगणाऱ्याला हलकं वाटतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर ओझं पडतं.

मी तिला एवढंच सांगितलं, ‘‘कागद इंग्रजीत आहे. हाडात गाठ नाही असं स्पष्ट लिहिलंय, ते मला कळलं. सांध्यातली गादी सरकल्याचं लिहिलंय. पुढचं मला कळत नाही. गुरुवारी डॉक्टरांना विचारू. तू स्वतः विचारायचं.’’ ती म्हणाली, ‘‘एवढंच का आनखी काय हाय?’’ मी म्हणालो, ‘‘आणखी आहे. पण ते मला समजलेलं नाही. लपवलेलं नाही.’’ तिला ते पटलं. त्या रात्री ती झोपली. मला नीट झोप लागली नाही, पण ती झोपली.

‘मला कळत नाही’ हे वाक्य आपल्याकडं फार महाग आहे. चार चौघांत दहावी शिकलेला म्हणून ज्याला मान, त्याने हे म्हणायचं म्हणजे पत जाते असं वाटतं. पण पूर्वी गावात मोडी वाचणारा एखादाच असायचा. जुने फेरफार, खरेदीखतं तोच वाचायचा. त्याने एक शब्द इकडचा तिकडं केला तर बांध सरकायचा, भाऊ भाऊ कोर्टात जायचे. अशा माणसाचा धर्म काय होता? लिहिलंय ते वाचायचं, आपल्याकडचं घालायचं नाही, आणि अक्षर लागलं नाही तर ‘लागत नाही’ म्हणायचं. आज मोडीच्या जागी इंग्रजी आली. वाचणाऱ्याचा धर्म बदललेला नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडं गेलो. तरुण माणूस. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी तिच्याशी बोलले. ‘‘मावशी, कधी दुखतं? सकाळी जास्त का संध्याकाळी? रात्री दात आवळले जातात का?’’ कानापुढं दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तोंड उघडायला, मिटायला सांगितलं. गालाचे, कानशिलाचे स्नायू दाबून बघितले. एका जागी तिने हात धरला. ‘‘हितं,’’ म्हणाली. मग तिनं सांगितलं, की पहाटे जाग येते तेव्हा दातावर दात घट्ट बसलेले असतात, कानशिलं ठणकत असतात. डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, ‘‘कुनी इच्यारलंच न्हाई. फोटो काढा म्हनले.’’

मग त्यांनी कागद उघडला आणि माझ्या पुतण्याचा ‘रिडक्शन’ एका वाक्यात सोडवला. वैद्यकात रिडक्शन म्हणजे घट नव्हे. निसटलेली गोष्ट परत जागेवर बसणं म्हणजे रिडक्शन. हाडवैद्य उतरलेला खांदा बसवतो, त्याला डॉक्टर रिडक्शनच म्हणतात. हिची गादी तोंड मिटलेलं असताना पुढं सरकलेली असते आणि तोंड उघडलं की ‘कट’ करून परत जागेवर येते. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही आठवडाभर भ्यालो, तो त्यातल्या त्यात बरा शब्द होता. ‘विदाउट रिडक्शन’ असतं तर गादी परत बसत नाही आणि तोंड उघडायलाच अडचण येते.

पुढं ते जे म्हणाले, त्याने मी चकित झालो. ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे असेच एमआरआय काढून बघितलेले आहेत, आणि त्यांच्यातही साधारण तिघांतल्या एकाची गादी सरकलेली सापडते. म्हणजे आमच्या पारावर तीस माणसं बसली असतील तर त्यातल्या आठ-दहा जणांच्या कागदावर हीच ओळ येईल, आणि ते आरामात हरभरे फोडत बसलेले असतील. पहिल्या फोटोच्या वेळी दुखणं होतं आणि कागद कोरा होता. या माणसांच्या बाबतीत कागद भरलेला आणि दुखणं नाही. कर्ज फिटलं तरी बोजा असतो आणि आंबा असला तरी नोंद नसते, तसंच हे.

रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ होती. तिघांपैकी एकाही वाचकाने ती वाचली नव्हती. ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन.’ मी डॉक्टरांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, ज्यांनी रिपोर्ट लिहिला त्यांनी फक्त चित्रं बघितलीत, मावशींना तपासलेलं नाही. म्हणून ते सांगतात, की आम्हाला चित्रात दिसलं ते लिहिलं, आता पेशंटच्या त्रासाशी ते जुळतं का तुम्ही बघा.

मला शाळेतला ताळा आठवला. वजाबाकी केली की उत्तर उलटं मिळवून बघायचं. जुळलं तर बरोबर. मास्तर उत्तराला निम्मे मार्क द्यायचे आणि ताळ्याला निम्मे. तो रिपोर्ट लिहिणारा माणूस शेवटी म्हणत होता, ताळा करा. पंचनामा करणारे पंच लिहितात, की रक्ताचे डाग दिसले, दार उघडं होतं. खून कुणी केला ते पंच लिहीत नाहीत. निकाल कोर्ट देतं आणि तेही साक्षीदार ऐकून. आपण मात्र पंचनाम्यालाच निकाल समजतो आणि जो मुख्य साक्षीदार, म्हणजे ज्याला दुखतंय तो माणूस, त्याची साक्षच काढत नाही.

जनावराच्या बाबतीत आपण असं वागत नाही. बैल घेताना तोंड उघडून आदत आहे, दोन दाती आहे का जुळला ते बघतो, हा झाला त्याचा कागद. पण घरी आणल्यावर त्याने वैरण सोडली, रवंथ थांबवली, तर आपण त्याच्याकडं दाखला मागत नाही. हा सोंग करत असेल असं मनात येत नाही. मुक्या जनावरावर आपला विश्वास असतो आणि बोलणाऱ्या माणसावर नसतो. कारण उघड आहे. बोलणारा खोटं बोलू शकतो.

मग दुखतंय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का? मी हिशेब असा मांडतो. खोट्या दुखण्यावर विश्वास ठेवला तर काय जाईल? एक दिवसाचं काम जाईल, थोडे पैसे जातील, आपण जरा वेडे ठरू. खऱ्या दुखण्यावर अविश्वास दाखवला तर? ते माणूस भरल्या घरात एकटं पडतं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायला लागतं. पहिलं नुकसान भरून येतं. दुसरं येतं की नाही, मी सांगू शकत नाही. म्हणून शंका घ्यायचीच असेल तर ती दुखण्याच्या कारणाबद्दल घ्यावी, दुखण्याबद्दल घेऊ नये.

कारणाबद्दल शंका मात्र घेतलीच पाहिजे, कारण दुखणारा माणूस दुखण्याबद्दल खरा असला तरी जागेबद्दल फसू शकतो. आमच्या शेजारच्या गावात एका गड्याच्या गालातून वीज चमकल्यासारखी कळ जायची. वाऱ्याची झुळूक लागली तरी, दाढी करताना हात लागला तरी. त्याला वाटायचं दाढ दुखते. एक काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. चांगल्या दाढा गेल्या आणि कळ तशीच राहिली. पुढं कळलं, ते चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. फेफऱ्यावर देतात तीच गोळी त्याला लागू पडली. त्याची कळ शंभर टक्के खरी होती, दाढ निरपराध होती. आणि जबड्यात, विशेषतः चालताना किंवा कष्टाचं काम करताना, कळ येते, घाम फुटतो, छातीवर दाब येतो, तेव्हा तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. तिथं अंगारा लावत किंवा दाढ चाचपत बसलं तर माणूस हातचा जातो. तिथं यंत्र पाहिजे, कागद पाहिजे, आणि लगेच पाहिजे. तेव्हा मी कागदाच्या विरुद्ध नाही. आम्ही माती तपासून घेतो. बांधाकडंला नको, झाडाखाली नको, उकिरड्याजवळ नको, शेतात आठ-दहा जागी खड्डे घेऊन, माती मिसळून, अर्धा किलो पाठवतो. 2015 पासून जमिनीची आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा गोष्टी असतात. उपयोग होतो. पण पत्रिका त्या अर्ध्या किलोची असते. खताची गोणी फोडण्याआधी शहाणा शेतकरी उभ्या पिकाचं पान बघतोच. पिवळं पडलंय ते शेंड्याचं का बुडाचं? तोही ताळाच.

कारभारणीला डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायची एक पट्टी करून दिली, शेक सांगितला, थोडे दिवस गोळ्या, तोंडाचे हलके व्यायाम, मोठा घास आणि मोठी जांभई टाळायची. ऑपरेशनचं नाव काढलं नाही. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं, म्हणाले. चार महिन्यांत ठणका बराच उतरला. ती आता आमच्या पंगतीला बसते. ‘कट’ आवाज अजून होतो. आज पुन्हा तो फोटो काढला, तर बहुधा तीच दोन पानं येतील, तीच सरकलेली गादी, तीच झीज. कागदाच्या लेखी काही बदललेलं नसेल. तिच्या लेखी पुष्कळ बदललंय.

माझ्याकडं अजून लोक कागद घेऊन येतात. सातबारा आणतात, बँकेची नोटीस आणतात आणि आता रिपोर्टही आणतात. मी आधी विचारतो, हा कुणाचा? ज्याचा असेल त्याला समोर बसवतो. कळतं ते वाचतो, ‘नो’ कुठं कुठं आहे ते बोटाने दाखवतो, कळत नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि सांगतो, हे डॉक्टरांना विचारा. कागदाच्या पाठीमागची बाजू कोरी असते. तिच्यावर त्या माणसाच्या तोंडून ऐकून लिहितो, कुठं दुखतं, कधीपासून, काय केलं की वाढतं, काय केलं की थांबतं. पुढच्या बाजूला यंत्राला दिसलेलं आणि मागच्या बाजूला माणसाने सोसलेलं. दोन्ही बाजू डॉक्टरांसमोर ठेवा म्हणतो. जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर गणित पुन्हा मांडावं लागतं, पण म्हणून माणसाला खोटं ठरवायचं नसतं.